लष्करातली टाटा फोर बाय फोर पुरासाठी तयार करताना : चिपळूणच्या नोंदी

१२ नोव्हेंबर

गाडी रात्री साडेअकराला बहादूरशेख नाक्यावर ट्रेलरवरून उतरली. टाटाची एलपीटीए ७१३, अडीच टनी, जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत जुळलेली, अकरा वर्षांची. लिलावात एका व्यापाऱ्याने उचललेली, त्याच्याकडून आम्ही घेतली. ४ लाख १० हजार गाडीचे, ३८ हजार ट्रेलरचे.

या नोंदी ठेवायचं कारण आधी सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर माणसं अडकली होती. बोटी मिळाल्या, पण त्या बाजारपेठेपर्यंत आणायला पाण्यातून चालणारी गाडी नव्हती. एक डंपर निघाला. शंभर पावलं गेला आणि बंद पडला. त्याच्या हौद्यात अकरा माणसं संध्याकाळपर्यंत बसून होती, त्यांत दोन लहान मुलं. पुढे तो डंपर माझ्याच गॅरेजला आला. एअर फिल्टरमधून इंजिनात पाणी गेलं होतं, दोन कनेक्टिंग रॉड वाकले होते. २००५ च्या पुरानंतरही अशाच गाड्या आल्या होत्या. खेड, महाड, राजापूर, सगळीकडे नदीकाठची गावं आहेत. कोणी असंच काम काढलं तर आमची चुकलेली वाट त्यांना परत चालायला लागू नये.

अशोक लेलँडचा लष्करी ट्रक स्टॅलियन पण पाहिला होता. दणकट आहे, पण आमच्या वाड्यांच्या पाखाड्यांत (अरुंद वाटांत) आणि गडग्यांमधल्या (दगडी कुंपणांमधल्या) रस्त्यांत वळत नाही. शिवाय टाटाचं ६९७ इंजिन (सहा सिलिंडर, ९७ मिलिमीटर बोअर, म्हणून ६९७) कोकणात चिरा वाहणाऱ्या जुन्या १६१३ ट्रकमध्ये होतंच. त्याचा सुटा भाग कुठेही मिळतो. पुढच्या एक्सलचे आणि ट्रान्स्फर केसचे (गिअर बॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या एक्सलना वाटणारी पेटी) भाग मात्र मिळत नाहीत. हे आम्हाला नंतर कळलं.

१६ नोव्हेंबर

सुभेदारकाका आले. ईएमईमध्ये, म्हणजे लष्कराच्या गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या दलात, चोवीस वर्षं याच गाड्या उघडल्या त्यांनी. गाडी चालू करून दाखवावी म्हणून मी किल्लीला हात घातला, तर म्हणाले, "आधी खालून बघ रे. चालू तर कुठलीही होते."

चारही ठिकाणचं ऑइल काढलं. इंजिनचं काळं पण ठीक. गिअर बॉक्सचं ठीक. मागच्या एक्सलच्या हाउसिंगचं ठीक. पुढच्या हाउसिंगचा प्लग सोडला तर आधी अर्धी वाटी स्वच्छ पाणी आलं, मग ऑइल. पाणी जड म्हणून तळाला बसलेलं. गाडी कुठल्या तरी मैदानात दोन-तीन वर्षं उभी होती, त्या काळात ते आत गेलं असणार.

उभ्या गाडीचं रबर मरतं. सगळे ऑइल सील, ब्रेकच्या रबरी नळ्या, डिझेलचे होस बोटाने दाबले की भेगा दिसत होत्या. टाकीच्या तळाला काळा चिकट गाळ. टाकी उतरवून दोनदा धुतली.

२ डिसेंबर

सील, नळ्या, ऑइल, फिल्टर मिळून ४१ हजार. पुढच्या हबची सीलं चिपळूण, कराड, कोल्हापूर कुठेच मिळाली नाहीत. शेवटी मापं काढून पुण्याहून तेवढ्याच मापाची दुसरी आणली. सोळा दिवस गाडी जॅकवर उभी. मापाला शाफ्ट आणि हाउसिंग दोन्ही मोजायचं, आणि जुनं सील फेकायचं नाही. आम्ही एक फेकलं होतं.

टायर पाच, लष्करी नक्षीचे, वापरलेले, ७० हजार.

१९ डिसेंबर

कागद. सेनेकडून मिळालेल्या कागदावर चेसिस नंबरातला एक आकडा चुकीचा टंकला होता. तेवढ्यासाठी सात खेपा आणि पुढचे तीन महिने गेले. गाडी घेण्याआधी चेसिसवरचा नंबर घासून, फोटो काढून, कागदाशी एकेक आकडा ताडून बघा. पैसे दिल्यावर कोणी विचारत नाही. हौदा बदलायचा असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी आधी काढायची, नंतर नाही. पासिंग आणि विमा धरून ६१ हजार.

रंगाचंही इथेच लिहितो. लष्कराचा हिरवा रंग खाजगी गाडीला ठेवता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२१ वा नियम त्यासाठीच आहे. आम्ही भगवट नारिंगी ठरवला, पावसात लांबून दिसतो म्हणून.

७ जानेवारी

हौद्याचं काम सुरू. जुने लाकडी फाळके काढले. कमानी ठेवल्या, ताडपत्रीसाठी लागतीलच.

हौद्याच्या खाली दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या करायचं ठरलं. दोर, लाइफ जॅकेट, करवत, औषधं त्यात. प्रत्येक पेटी अडीच मीटर लांब, साठ सेंटिमीटर रुंद. वेल्डर भाऊ हाताचा चांगला. पूर्ण शिवण मारली, दाराला रबरी गॅस्केट, पाण्याचा थेंब आत जाणार नाही अशा. दोन आठवडे आणि ४८ हजार रुपये लागले. बघणारे सगळे खूश होते, मीही होतो.

२२ जानेवारी

पेट्या कापल्या.

सुभेदारकाका लांज्याला भाचीच्या लग्नाला गेले होते, ते परत आले. पेट्यांना टिचकी मारली आणि विचारलं, "ह्यात हवा किती?" मला प्रश्न कळला नाही. मग त्यांनी खडूने पत्र्यावरच हिशेब केला. पेटीचा तळ जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर. मीटरभर पाण्यात गाडी गेली की चाळीस सेंटिमीटर पेटी बुडाली. २.५ गुणिले ०.६ गुणिले ०.४, म्हणजे ६०० लिटर. दोन पेट्या, १२०० लिटर. पाणी तेवढं बाजूला सरलं म्हणजे गाडीचं १२०० किलो वजन पाण्याने उचललं. आणि पेट्या बरोबर मागच्या एक्सलवर. काट्यावर मागची चाकं रिकाम्या गाडीत २२०० किलो भरली होती. म्हणजे मागच्या चाकांचं निम्म्याहून जास्त वजन गेलं. वाहत्या पाण्यात शेपूट बाजूला ओढली गेली असती, आणि आत चौदा माणसं.

पुराची गाडी बंद करायची नसते, उघडी ठेवायची असते. पाणी आत येऊ द्यायचं, वजन चाकांवर राहू द्यायचं. पेट्यांचा तळ काढून जाळी बसवली, दारांनाही जाळी. सामान झाकणाच्या प्लास्टिकच्या पिंपांत, दोराने बांधून. पिंपं लहान ठेवली.

हौद्याच्या बाजूही पत्र्याच्या करणार होतो. त्या आता बिजागरीच्या पट्ट्यांच्या केल्या, मधून पाणी जाईल अशा. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की बाजूवरचा जोर चौपट होतो, त्यामुळे प्रवाहाला आडवी भिंत द्यायचीच नाही.

९ फेब्रुवारी

श्वासाचा पाईप, म्हणजे इंजिनाला वरून हवा देणारा. पहिल्यांदा चार इंची पीव्हीसी लावला. स्वस्त, लगेच मिळाला, सोल्युशनने जोडला. खेर्डीपर्यंत दोन फेऱ्या मारल्या आणि टर्बोकडच्या कोपऱ्यावर तडा गेला. इंजिनची उष्णता आणि थरथर त्याला झेपत नाही. पाण्याचा पाईप हवेच्या कामाला लावू नका. लोखंडी पाईप केला, वळणावर जाड रबरी होस, दोन्ही टोकांना बोल्टचे रुंद क्लॅम्प. साधे स्क्रूचे क्लॅम्प ढिले होतात. पाईपचं तोंड केबिनच्या छताच्या वर एक वीत, मागे वळवलेलं.

सायलेन्सरही वर नेला. इंजिन चालू असताना धूर पाण्याला बाहेर ढकलतो हे खरं, पण पाण्यात इंजिन बंद पडलं की खालच्या सायलेन्सरमधून पाणी वर चढतं आणि परत चालू करताना घात होतो. दोन्ही मिळून २३,५००, फुकट गेलेलं पीव्हीसी धरून.

१८ फेब्रुवारी

आजची नोंद सविस्तर लिहितो. हे कोणी सांगत नाही, आणि २०२१ च्या डंपरचंही असंच झालं असावं असं मला वाटतं.

पाईप लावला म्हणजे हवा वरूनच येते असं धरून चालायचं नाही. परीक्षा अशी. इंजिन आयडलवर ठेवायचं. प्लायवुडच्या तुकड्याला सायकलच्या ट्यूबचं रबर चिकटवायचं आणि पाईपचं तोंड झाकायचं. हात लावायचा नाही, ओढ जबरदस्त असते. तीन-चार सेकंदांत इंजिन गुदमरून बंद पडलं पाहिजे. पडलं नाही तर हवा दुसरीकडून येते आहे, आणि हवा येते तिथून पाणीही येणार.

आम्ही झाकलं. इंजिन चालूच राहिलं, आवाजात थोडा फरक पडला एवढंच. प्लाय लगेच काढला. पुन्हा क्लॅम्प आवळले, पुन्हा झाकलं, पुन्हा चालूच. होसवर साबणाचं पाणी लावून पाहिलं, काही दिसलं नाही, कारण हवा आत ओढली जाते, बाहेर फुगा येत नाही.

आमच्या मेस्त्रींनी देव्हाऱ्यातून उदबत्ती आणली. इंजिन चालू ठेवून एकेका जोडाजवळ धरत गेले. वरचा जोड, धूर सरळ. टर्बोचा होस, धूर सरळ. एअर क्लीनरच्या डब्याच्या खाली आली आणि धुराची रेघ वाकून आत गेली. तिथे डब्याच्या तळाला चोचीसारखं एक रबरी टोक असतं. धूळ खाली पडावी म्हणून. त्याचे दोन ओठ एरवी मिटलेले असतात, पण रबर कडक झालं होतं आणि ओठांत काडी जाईल एवढी फट होती. हे टोक जमिनीपासून मीटरभर उंचीवर, म्हणजे वरच्या पाईपवर खर्च केलेले पैसे पाण्यात आणि पाणी इंजिनात.

टोक काढलं, तिथे रबरी बूच आणि क्लॅम्प. उन्हाळ्यात टोक परत लावायचं, नाहीतर धूळ साठते. आता झाकलं तर इंजिन दुसऱ्या सेकंदाला बंद. तीनदा करून पाहिलं.

३ मार्च

ब्रीदर. एक्सल, गिअर बॉक्स, सगळ्यांना हवा आत-बाहेर जायला एक बारीक टोपी असते. गाडी दहा किलोमीटर चालून आली की हाउसिंग हाताला चटका देतं. तशी ती थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते, आणि आकसलेली हवा कुठून तरी काहीतरी ओढणारच. टोपी पाण्याखाली असेल तर पाणी ओढते.

ट्रकच्या एअर ब्रेकला लागते ती आठ मिलिमीटरची नायलॉन नळी घेतली. मागचं हाउसिंग, पुढचं हाउसिंग, गिअर बॉक्स, तिन्हींच्या टोप्या काढून नळ्या जोडल्या आणि एका टी जोडात एकत्र करून केबिनच्या मागे वर नेल्या. खर्च फारच कमी, हजाराच्या आत. काम एका दिवसात झालं. घाईत झालं हे लिहून ठेवतो.

११ मार्च

कुंभार्ली घाटात चाचणी. पोफळीपर्यंत छान. घाटात गाडी तापली, वर टपरीपाशी थांबलो तर मागच्या डाव्या चाकातून ऑइलची धार. ब्रेक ड्रम भिजलेला. नवीन टाकलेलं सील बाहेर ढकललं गेलं होतं.

खाली आल्यावर नळ्या तपासल्या. चेसिसला बांधताना एका ठिकाणी नळीला झोका राहिला होता, पाळण्यासारखा. त्या झोक्यात ऑइलची वाफ थंड होऊन साठली, नळी बंद झाली. हाउसिंग तापलं, हवेला वाट नाही, तिने सील ढकललं. टोपी होती तेव्हा हे झालंच नसतं. आपण सुधारणा करताना नवीन खोड तयार केली.

आता प्रत्येक नळी वेगळी, टी जोड नाही. खालून वर सतत चढती, कुठेही झोका नाही. टोक खाली वळवून त्यात स्पंजाचा तुकडा. सील, ड्रमची साफसफाई, ब्रेकचे नवे लायनर, सहा दिवस.

शिमगा

गावोगाव पालख्या नाचत होत्या, कोणी कामाला आलं नाही, आणि येऊ नये. दहा दिवस काम बंद. कोकणात काम काढणाऱ्याने शिमगा आणि गणपती हिशेबात धरून तारखा द्याव्यात. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनी मात्र गाडी पाहून ६५ हजार वर्गणी दिली.

२ एप्रिल

वीज. लष्कराची गाडी २४ व्होल्टची, बारा बाराच्या दोन बॅटऱ्या एका ओळीत. आमचे शोधदिवे, भोंगा आणि वायरलेसचा सेट १२ व्होल्टचे. वायरमनने सोपं केलं, दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ ची तार काढली. तीन आठवड्यांत एक बॅटरी उपाशी आणि दुसरी उकळलेली. एकीवर भार पडतो, चार्जिंग मात्र दोघींना सारखं मिळतं. दोन्ही गेल्या. २४ चे १२ करणारा कन्व्हर्टर लावला, तो आधीच लावायला हवा होता. बॅटऱ्या खालच्या पेटीतून काढून हौद्याच्या पुढच्या भिंतीला उंच नेल्या. सगळं मिळून ५२ हजार, त्यातल्या बॅटऱ्यांचे दोनदा.

१९ एप्रिल

शिडी. आम्ही केलेल्या शिडीची पहिली पायरी जमिनीपासून साठ सेंटिमीटरवर होती. आमच्यातला प्रत्येकजण दोन ढांगांत वर. मग मी आईला बोलावलं. तिचं वय ७४, गुडघे दुखतात, लुगडं नेसते. ती शिडीजवळ उभी राहिली, एक हात दांड्यावर ठेवला, दुसरा हात हवेत फिरला. दुसऱ्या बाजूला धरायला काही नव्हतंच. पाय उचलला तो पायरीला टेकला, पण अंग वर जाईना.

ती काही बोलली नाही. मला मात्र पुराच्या रात्री शिडीखाली उभ्या असलेल्या सगळ्या म्हाताऱ्या दिसल्या.

शिडी नवीन केली. पहिली पायरी तीस सेंटिमीटरवर, पायऱ्या अख्खं पाऊल बसेल एवढ्या रुंद, जाळीच्या, दोन्ही बाजूंना कठडा, कठड्याला सुतळी गुंडाळलेली, म्हणजे ओला हात घसरत नाही. तिरकी, उभी नाही. चालताना घडी होऊन वर जाते. आई दोनदा चढली-उतरली. शेजारच्या काकूही. स्ट्रेचरसाठी मागचा फाळका आडवा पडून फळी होतो.

हौद्याचं एकूण काम १ लाख ६२ हजार, त्यात ते ४८ हजार आले.

५ मे

पाण्यातली पहिली चाचणी. आजच्या दिवसात तीन चुका झाल्या.

भांगाचे दिवस निवडले, म्हणजे भरती-ओहोटीत फरक कमी. गोवळकोटच्या अंगाला वाशिष्ठीच्या खाडीत ओहोटीला एक जागा धरली. माणसं चालत जाऊन बांबूने तळ चाचपून आली, घट्ट लागला. माणसाला घट्ट लागलेला तळ पाच टनांच्या गाडीला घट्ट नसतो. वरच्या रेवेखाली चिखल होता. पुढचं उजवं चाक एक्सलपर्यंत गेलं. फोर बाय फोर लावून रेस दिली, त्याने ते आणखी खाली गेलं. आणि वेळ भरतीची सुरू झाली होती.

टायरात आम्ही डांबरी रस्त्याची हवा ठेवली होती. सुभेदारकाकांनी पहिल्यांदा ती उतरवायला लावली, निम्म्यावर. टायर पसरले. चाकांपुढे माडाच्या झावळ्या आडव्या टाकल्या, वर लाकडी फळ्या. तरी पूर्ण निघाली नाही, जेसीबी बोलवावा लागला, ४,५०० रुपये. गाडी बाहेर आली तेव्हा पाणी हौद्याच्या तळाला लागत होतं. पाऊण तासाचा फरक.

दुसरी गोष्ट पंख्याची. पाणी आत आलं तसा पंखा पाण्यात मारू लागला, पाती पुढे वाकली आणि रेडिएटरच्या जाळीला घासली. दोन नळ्या फुटल्या. पंखा पाण्याच्या पंपाच्याच पुलीवर आहे, त्यामुळे बेल्ट काढून ठेवता येत नाही.

तिसरी दुसऱ्या दिवशी कळली.

६ मे

सगळी ऑइलं सोडली. मागचं हाउसिंग स्वच्छ, पुढचं स्वच्छ, गिअर बॉक्स स्वच्छ. ट्रान्स्फर केसचा प्लग सोडला आणि जास्त दुधाच्या चहासारखं पातळ खाली आलं. तिलाही ब्रीदर असतो. तो वरच्या अंगाला, चेसिसच्या आडव्या चॅनलखाली, मातीने भरलेला. खालून दिसत नाही, आरसा धरला तेव्हा दिसला. ३ मार्चच्या घाईची ही किंमत. डिझेलने धुवून तीनदा ऑइल बदललं, तिसऱ्यांदा रंग आला. चौथी नळी टाकली.

पाणी खाडीचं, म्हणजे खारं. गाडी गोड्या पाण्याने तीन तास धुतली, चेसिसच्या चॅनलमध्ये पाईप घालून. तरी आठवड्यात वेल्डिंगच्या शिवणींवर तांबेरा फुटला. चाचणी नदीला वरच्या अंगाला, गोड्या पाण्यात करायला हवी होती. कोयनेच्या वीजघराचं पाणी वाशिष्ठीत येतं, त्यामुळे उन्हाळ्यातही तिथे पाणी असतंच.

२४ मे

समोरच्या जाळीवर जाड ताडपत्रीचा पडदा केला, वर गुंडाळता येतो. पाण्यात शिरताना खाली सोडायचा. गाडी हळू आणि एकसारखी चालवली की पुढे पाण्याची एक लाट उभी राहते, तिच्या मागे इंजिनपाशी पाणी खाली बसतं. पडदा सोडून थांबलात तर पाणी परत वर येतं. म्हणून पाण्यात थांबायचं नाही आणि गिअर बदलायचा नाही, पहिल्यापासून खालच्याच गिअरमध्ये.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, गळलेलं ऑइल बाहेर जावं म्हणून. पाण्यात जाण्याआधी त्यात प्लग बसवायचा आणि आल्यावर काढायचा. काढायचा राहिला तर तेच ऑइल क्लच प्लेटला लागतं. हा प्लग किल्लीच्या जुडग्यात अडकवून ठेवला आहे, लाल फितीसह.

रंग : शिवणी बफिंग करून इपॉक्सी प्रायमर, वर नारिंगी. ३४ हजार. आमच्याकडे पावसाआधी गाडीला खालून काळं ऑइल मारायची पद्धत आहे. ती या गाडीला केली नाही. ऑइलने रबरी नळ्या फुगतात, आणि पुराच्या पाण्यात ते ऑइल लोकांच्या विहिरींत जातं.

८ जून

पाऊस सुरू. हिशेब पूर्ण झाला : ८ लाख ९६ हजार. त्यात चुकांचे माझ्या अंदाजाने लाखभर. वेळ सात महिने, ठरवला होता तीन.

गाडीच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा मारल्या. साठ सेंटिमीटरला पिवळी, मीटरला पांढरी. वाहतं पाणी असेल तर पिवळी ही हद्द, साचलेलं असेल तर पांढरी. पुढे गाडी नाही, बोट. चालकाला हे ठरवायचा अधिकार नाही, मागे उभा असलेला माणूस शिट्टी वाजवतो आणि गाडी थांबते.

केबिनमधून पाण्याची खोली कळत नाही. म्हणून आम्ही मे महिन्यात ठरलेल्या रस्त्यांवर लोकांना विचारून गडग्यांवर त्याच दोन रंगांच्या रेघा ओढल्या, रस्त्याच्या पातळीपासून मोजून. पाणी पिवळ्या रेघेला लागलं की लांबूनच दिसतं. उघड्या गटारांच्या कडेला माणसाच्या उंचीचे पाईप उभे केले, कारण पुरात गटार आणि रस्ता एकच दिसतो. गाडीवर खर्च केलेल्या कुठल्याही पैशापेक्षा या रंगाच्या दोन डब्यांचा उपयोग जास्त होईल असं माझं मत आहे. गाडी नसलेल्या गावालाही हे करता येईल.

जुलै, पहिली रात्र

पहाटे दोनला फोन. रात्रभर कोसळत होता आणि भरतीची वेळ पहाटेची. नदीला पाणी चढलेलं असताना त्यात भरती आली की पाण्याला उतरायला जागा राहत नाही.

खालच्या वाडीत पाणी गुडघ्याच्या वर. प्लग बसवला, पडदा सोडला, पहिला गिअर. गडग्यावरची पिवळी रेघ अजून वीतभर कोरडी होती. दोन फेऱ्यांत तेवीस माणसं आणि एक बकरी वरच्या शाळेत नेली. शिडीवर एक आजी थांबली, काठी हातातून सोडेना. आमच्या मुलाने काठी आधी वर ठेवली, मग तिने दोन्ही हात कठड्याला घातले आणि स्वतःच्या पायांनी चढली.

तिसऱ्या फेरीला वाडीच्या शेवटच्या दोन घरांसाठी निघालो. वळणावर गडग्याची पिवळी रेघ दिसली नाही. विजेरी मारली, पाणी तिच्या वर चार बोटं आणि चांगलं पळत होतं. शिट्टी वाजली. त्या घरांत माझ्या शाळेतला मित्र राहतो, आणि गाडी जाईल असं माझं मन सांगत होतं. गाडी मागे घेतली. उंचावरून बोट उतरवली, दोर गाडीच्या हुकाला बांधला, तीन माणसांनी बोट नेली. चाळीस मिनिटं जास्त गेली. सहाही माणसं आली.

दुसऱ्या दिवशी

धुतली. क्लचचा प्लग काढला, किल्लीला लावला. ट्रान्स्फर केस स्वच्छ, दोन्ही हाउसिंग स्वच्छ, गिअर बॉक्स स्वच्छ. एअर क्लीनरचा डबा उघडला, आतली बाजू बोटाने पुसली, कोरडी.

पुढच्या डाव्या हबमधलं ग्रीस किंचित पांढुरकं दिसतंय. हे पुण्याहून आणलेल्या मापाच्या सीलांपैकी एक. उद्या सकाळी चाक उतरवायचं, जोडीतलं दुसरं सील शिल्लक आहे ते टाकायचं, आणि दोन जादा मागवून ठेवायची.